आडव्या खाचेचा स्क्रू

१

भट्टीचं दार चौदाव्या दिवशी उघडलं तेव्हा आत एक काच असायला हवी होती. आत दोन होत्या.

त्या दोन काचा मूळच्या एकच, हे कोणी सांगायची गरज नव्हती. दीड मीटर रुंद, वीतभर जाड अशी गोल चकती. पुढे दोन वर्षं घासून तिचा दुर्बिणीचा आरसा व्हायचा होता. ओतलेली काच चौदा दिवस भट्टीतच हळूहळू निवू द्यावी लागते. घाई केली की ती रुसते, आणि रुसलेल्या काचेची समजूत काढायची सोय नाही.

कारण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. नवव्या दिवशी, साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी, भट्टीची वीज दोन ते सहा बंद होती. पॅनेलमधला मोठा ब्रेकर पडला होता. आपल्या घरात मीटरपाशी जे लहानसं बटण असतं ना, त्याचा हा थोरला भाऊ. साच्यात घडवलेली विटेएवढी काळी, बंद डबी, आणि पुढे दांडी. प्रवाह झेपेनासा झाला की दांडी आपोआप मधे येऊन थांबते आणि वीज तुटते. किती प्रवाह झेपवायचा, ते ठरवायला अंगावर एक छोटी डायल असते. ती डायल सगळ्यात खालच्या टोकाला फिरवलेली सापडली.

मॅनेजरने नोंदवही उघडली. पॅनेल शेवटचं उघडलं होतं आठव्या दिवशी दुपारी चार वाजता. पुढे सही होती माझ्या भाचीची.

भाची त्या कारखान्याची वायरमन. "तुला वायरवुमन नको का म्हणायला?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मामा, परवान्यावर वायरमन लिहिलंय. मी परवान्याला हात लावत नाही."

आता दुसरेच लावायला निघाले होते. गुरुवारी सकाळी अकराला परवाना अधिकारी येणार, आणि हलगर्जी ठरली तर परवाना रद्द, तोही कायमचा. तो मिळवायला पोरीने सात वर्षं घातली होती. पहिल्या परीक्षेला गेली तेव्हा परीक्षकाने विचारलं होतं, "तुम्ही कोणाबरोबर आलात?"

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. मला नाही, तिच्या मावशीला.

तिची मावशी म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. ब्रेकरच्या कारखान्यात तपासणी खोलीत एकतीस वर्षं होती. काम एकच, नवे ब्रेकर पाडायचे आणि वेळेवर पडतात का ते बघायचं. निवृत्तीला तिला घड्याळ देणार होते. तिने त्याऐवजी प्रवाह सोडायचं जुनं यंत्र मागून घेतलं. त्याचं वजन तीस किलो आहे. हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण आक्काला गुडघे आहेत आणि मला आक्का आहे.

"मावशी, मी ती डायल हलवली नाही गं."

"मग कोणीतरी हलवली. रडतेयस का?"

"नाही."

"रड थोडं, मोकळी हो. पण वही घेऊन बस. रोजचे अँपिअर लिहितेस ना अजून?"

"दिवसातून तीनदा. भट्टीपाशीच्या मीटरवरून."

"निघालोच," असं म्हणून आक्काने माझ्याकडे पाहिलं. त्या 'निघालोच'मधले तीस किलो माझे होते.

२

पॅनेलची खोली लहान, कोरडी आणि इतकी स्वच्छ, की पाय पुसून आत यावं. एका भिंतीला पॅनेल, समोर काच घासायच्या हत्यारांचं कपाट. खोलीच्या किल्ल्या चौघांकडे: भाची, मॅनेजर, भट्टीप्रमुख आणि काच घासणारे आजोबा. सुट्टीच्या त्या दुपारी भाची सोडून बाकी तिघे कारखान्यात येऊन गेले होते, आणि तिघांपैकी एकानेही घड्याळ पाहिलं नव्हतं.

"आणि तू कुठे होतीस?" आक्काने विचारलं.

"मामाकडे. गिझर दुरुस्त करत होते."

"मी साक्ष देईन," मी छाती काढून म्हणालो.

"मामाची साक्ष आणि मांजराची राखण," आक्का म्हणाली आणि पॅनेलकडे वळली.

ब्रेकरवर एक पत्रा बसवलेला होता, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. दांडी पत्र्याबाहेर यायची. डायल मात्र आतच, एका इवल्या खिडकीतून नुसती दिसायची. हात लावायचा तर पत्रा काढावा लागे. काच फुटलेली दिसली त्याच दिवशी मॅनेजरने पत्र्यावर सहीची पट्टी चिकटवून टाकली होती.

"दांडी मधे सापडली?"

"मधेच," भाची म्हणाली. "हाताने बंद केला असता तर पूर्ण खाली असती. म्हणून सगळे म्हणतात, ब्रेकर आपला आपण पडला, डायल खाली होती म्हणून पडला, आणि डायल खाली केली मी. मी त्यांना सांगितलं, खालच्या टोकालासुद्धा हा एकशे पंचाहत्तर अँपिअर झेपवतो, आणि नवव्या दिवशी भट्टी ऐंशीसुद्धा घेत नव्हती. तर परवान्याचे साहेब फोनवर म्हणाले, 'मग ब्रेकरच खराब असेल. तो चांगला आहे असा दाखला कोणी दिला होता?'"

"कोणी?"

"मी."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीवर तुझी सही."

आक्काने चष्मा पुसला आणि चारही स्क्रू एकेक करून पाहिले. चारांच्या खाचा सरळ उभ्या, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. हा भाचीचा हट्ट. स्क्रू घट्ट करायचा, आणि खाच उभी होईपर्यंत आणखी किंचित पुढे न्यायचा.

भाची एकदम पुढे झाली. "मावशी! हा खालचा उजवा—"

आक्काने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मीच कळवळलो. मग आक्काने खालच्या उजव्या स्क्रूला नुसत्या नखाने ढकललं.

तो फिरला.

तिने तो नखानेच परत उभा केला आणि म्हणाली, "चला, माणसं बघू."

३

मॅनेजरच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. मी सवयीने एक उचलली. त्याने ती माझ्या हातातून घेतली, पुसली आणि तिच्या भावंडांत नेऊन ठेवली.

"बाई, मी त्या पॅनेलला बोटही लावत नाही," तो आक्काला म्हणाला. "विजेची मला भीती वाटते. घरचा दिवासुद्धा बायको बदलते. नवव्या दिवशी संध्याकाळी दांडी अर्धवट दिसली तेव्हा मी दारातूनच भट्टीप्रमुखांना हाक मारली. त्यांनी येऊन दांडी खाली नेली, मग वर केली, वीज आली."

"पण संध्याकाळी सहाला तुम्ही तिथे कशाला?"

"फोटो. गिऱ्हाइकाला रोज अहवाल जातो. रोज सहा वाजता भट्टीचा एक फोटो आणि पॅनेलचा एक." त्याने आवाज खाली आणला. "तुमच्या भाचीबद्दल वाईट वाटतं हो. पण मुलगी ढिली पडत चालली होती. आठव्या दिवसाचा फोटो बघा. चारांतला एक स्क्रू आडवा! अख्खा अहवाल विद्रूप झाला. बाहेरून तयार काच मागवा म्हणून मी मालकीणबाईंना किती वेळा सांगितलं. ती निदान खोक्यातून सरळ येते."

"आणि नवव्या दिवसाच्या फोटोत?"

"सरळ. चारही." तो उसासला. "त्या दिवशी सगळंच बुडालं, पण स्क्रू तेवढे सरळ होते."

आक्काने दोन्ही फोटो मागून घेतले. बाहेर आल्यावर मी कुजबुजलो, "आक्का, हाच! याला वाकडं बघवत नाही. स्क्रू सरळ करायला गेला आणि..."

"आणि घरचा दिवाही न बदलणाऱ्या माणसाने जिवंत पॅनेलचा पत्रा उघडला?" आक्का म्हणाली. "तू आपलं यंत्र उचल."

४

काच घासणारे आजोबा फुटक्या काचेपाशी स्टूल टाकून बसले होते, तिरडीपाशी बसावं तसे. त्यांचे हात मांडीवर होते, आणि थरथरत होते.

"बघा, बघा," ते म्हणाले. "सगळे हातच बघतात. म्हणतात म्हाताऱ्याला आता घासणं होत नाही, काच फुटली ते पथ्यावरच पडलं. अहो, हात रिकामा असला की थरथरतो. काचेवर ठेवला की थांबतो. बाई, तुमचा गुडघा चढावर दुखतो का उतारावर?"

"उतारावर."

"तसंच हे. काम असलं की दुखणं विसरतं." त्यांनी तळवा काचेवर टेकवला. हात खरोखरच थांबला.

"आजोबा, वीज गेल्यामुळे फुटली का ही?"

आजोबांनी तडा सुरू झाला होता तिथे बोट ठेवलं. "मला यंत्रातलं कळत नाही. पण वीज गेली तर भट्टी चहूबाजूंनी सारखी निवणार, खरं ना? हा तडा चहूबाजूंचा नाही. हा इथून निघालाय, एकाच कडेवरून, आणि आकड्यासारखा वळलाय. ही कड दाराच्या बाजूची." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हिला वारा लागलाय."

"हे कोणाला सांगितलंत?"

"सांगितलं ना. भट्टीप्रमुखांना. ते म्हणाले, 'आजोबा, दार बंद होतं, तुम्ही पॉलिशचं बघा.'"

५

भट्टीच्या दारावर पाटी होती: 'चौदा दिवस दार उघडू नये. कोणीही. कोणत्याही कारणाने.' अक्षर वळणदार होतं. ते भट्टीप्रमुखाचंच. सगळे त्याला तात्या म्हणत. आजवर चार आरसे ओतले, चारही धड निघाले. हा पाचवा.

"पोरगी गुणी आहे हो," तात्या म्हणाला. डोळे खोल गेले होते, झोप नसावी. "तिनेच मला वळण लावलं. गेल्या वर्षी माझ्या कंट्रोल पेटीचे स्क्रू बघून म्हणाली, 'तात्या, खाचा उभ्या ठेवा, उभ्या!' आता बघा."

त्याच्या पेटीचे सहाही स्क्रू खरोखर उभे होते.

"दर तीन महिन्यांनी ती ब्रेकर तपासते, तेव्हा सही तुमची असते ना?"

"हो. पत्रा काढून आत एक बारीकसं बटण दाबते, ठक करून पडतो. मी बघतो आणि सही करतो." तो जरा थांबला. "पण माणूस आहे, चुकतं. डायल तिने पार शून्यावर ठेवली हो. शून्यावर ठेवली तर पडणारच की."

आक्काने त्याच्या पेटीवरच्या मोठ्या फिरत्या बटणाला हात लावला. "हे असं डावीकडे?"

"डावं टोक म्हणजे भट्टी बंद. शून्य. उजवीकडे वाढत जातं."

"छान सोपं आहे," आक्का म्हणाली.

मग तिने भाचीची वही उघडली. पानावर पान आकडे. पहिल्या दिवशी दोनशे तीस अँपिअर. मग रोज उतरते. पाचव्या दिवशी दुपारी एकशे वीस. सातव्या दिवशी एकशे पाच. मधे सहाव्या दिवशी दुपारी एक वाजता होते एकशे नव्वद, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"हे काय गं?"

"मला कळेना," भाची म्हणाली. "निवणारी भट्टी एकदम इतकी वीज का खाईल? मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, बाहेर गार आहे."

"होतंच गार," तात्या म्हणाला.

आक्काने वही मिटली. तिचा चेहरा मी ओळखतो. लहानपणी मी चोरलेली तिची चित्रं माझ्या खिशात सापडायच्या आधी तो असा व्हायचा.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "सकाळी अकराला आहे सगळं. मावशीला काही सापडलंय का?"

"सापडलंय," मी म्हणालो. "पण ती सांगत नाहीये, म्हणजे पुरेसं नाहीये."

६

बुधवारची दुपार आम्ही तिघांनी एका ब्रेकरच्या सहवासात घालवली. मालकीणबाईंनी परवानगी दिली, मॅनेजरसमोर पट्टी कापली गेली. आक्काने स्वतः चार स्क्रू काढले आणि किती वळसे लागले ते लिहून ठेवलं. मग आमचं यंत्र जोडलं.

"माणूस आणि ब्रेकर तीन कारणांनी पडतात," आक्का म्हणाली. "एक, सोसवत नाही तेवढं बराच वेळ सोसलं तर. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते. दुसरं, एकदम जबर धक्का बसला तर. मग तोंडाशी काजळी राहते. इथे काजळी नाही. आणि तिसरं, कोणी बोट लावून पाडलं तर."

डायल सापडली तशीच, खालच्या टोकाला ठेवून तिने ऐंशी अँपिअर सोडले. आम्ही बसलो. एक तास झाला. दोन झाले. मॅनेजरने तेवढ्यात खिशातली नाणी आकारमानाने लावली. चार तासांनी ब्रेकर जिथल्या तिथे होता.

मग दोनशे चाळीस सोडले. अठराव्या मिनिटाला ठक झालं आणि दांडी मधे आली. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत ते कोणाच्या लग्नातही आलं नव्हतं.

"प्रामाणिक आहे गं पोरी तुझा ब्रेकर. तुझा दाखला खरा होता."

"मग झालं ना!" मी म्हणालो.

"काय झालं? साहेब म्हणतील, बोट लावून पाडला तो हिनेच. किल्ली हिच्याकडे, अक्कल हिच्याकडे, आणि साक्षीदार तू." तिने स्क्रू रुमालात बांधले. "मला बोट हवंय. आणि बोट उद्या साहेबांसमोर स्वतः पुढे आलं पाहिजे."

७

परवाना अधिकारी अकराला तीन मिनिटं कमी असताना आले. आपण उशीर केला असं कोणाला वाटू नये म्हणून, आणि लवकर आलो असंही वाटू नये म्हणून. मालकीणबाई, मॅनेजर, आजोबा, तात्या, आम्ही तिघे, एवढे सगळे त्या लहान खोलीत उभे राहिलो. भाचीने परवाना आधीच टेबलावर ठेवला होता. त्याच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

"साहेब," आक्का म्हणाली, "वीज पूर्ण तोडली आहे, भट्टी रिकामी आहे. बोलायच्या आधी एक लहानसं काम. हा पत्रा बाकीच्या तिघा किल्लीवाल्यांनी एकेकदा बसवून दाखवायचा."

"हे काय बाई, पोरखेळ!" साहेब म्हणाले.

"चार स्क्रूंचा खेळ आहे. सात वर्षांचा परवाना त्यावर आहे. चार मिनिटं द्या."

मॅनेजरने स्क्रूड्रायव्हर थर्मामीटरसारखा धरला. तिसरा स्क्रू टेबलाखाली गेला आणि त्याच्यामागे मॅनेजरही गेला.

आजोबांनी चारही गच्च बसवले. खाचा चार दिशांना. "दिसायला कसे का असेनात," ते म्हणाले, "हलणार नाहीत." आक्काने नख लावलं. एकही हलला नाही.

तात्याने सराईतपणे पत्रा धरला आणि भराभर चार स्क्रू फिरवले. शेवटी प्रत्येकाला एक हलका हात दिला. चारही खाचा उभ्या. मॅनेजरच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

आक्का पुढे झाली. वरचे दोन नखाने ढकलले, ते घट्ट होते. खालचा डावा घट्ट. खालच्या उजव्याला नख लावलं.

तो फिरला.

"हा तीन वळशांत घट्ट झाला होता, मी मोजत होते," आक्का म्हणाली. "पण घट्ट झाला तेव्हा खाच तिरकी होती. म्हणून तुम्ही तो पाव वळसा मागे घेतलात. सरळ दिसावा म्हणून सैल सोडलात. माझी भाची पुढे नेते, मागे कधीच नाही. काल पट्टी शाबूत असताना हाच स्क्रू असाच सैल होता, उभा आणि सैल. मॅनेजरांच्या देखत मी वळसे लिहून ठेवलेत."

"स्क्रू सैल सोडणं हा काही गुन्हा नाही," साहेब म्हणाले.

"नाही. पण तो उभा असायलाच नको होता." तिने दोन फोटो टेबलावर ठेवले. "हा आठव्या दिवसाचा, संध्याकाळी सहाचा. तीन उभे, एक आडवा. आमच्या तपासणी खोलीची रीत आहे ही, मीच हिला शिकवली. काम पुरं झालं की सगळ्या खाचा उभ्या. काम बाकी असेल तर एक आडवी ठेवायची, म्हणजे पुढच्या पाळीला चिठ्ठी लिहायला नको. डायलवर सीलचं छोटं झाकण असतं, ते तुटलं होतं. हिने नवं मागवलं आणि एक खाच आडवी ठेवून गेली. मागणीचा कागद मॅनेजरांकडे आहे, आठव्या दिवसाच्या तारखेचा."

"आहे," मॅनेजर टेबलाखालून म्हणाला. "फाईलला लावलाय."

"हा नवव्या दिवसाचा फोटो, पुन्हा सहाचा. दांडी मधे, आणि चारही खाचा उभ्या. झाकण आजही आलेलं नाही. मग काम पुरं कोणी केलं? हिने पुन्हा पत्रा उघडला असता तर ती आडवी खाच आडवीच ठेवती. ज्याला उभ्या खाचांचं वळण माहीत होतं, पण आडवीचा अर्थ माहीत नव्हता, त्याने उघडला. त्याने अर्धी रीत पुरी पाळली."

आक्का तात्याकडे वळली.

"आणखी एक. डायल खालच्या टोकाला नेली की ब्रेकर पडेलच असं कोणाला वाटेल? ज्याच्या सगळ्या बटणांचं टोक म्हणजे शून्य असतं त्याला. ब्रेकरच्या डायलला शून्य नसतं, तात्या. खालच्या टोकालाही हा एकशे पंचाहत्तर झेपवतो. हे कोणत्याही वायरमनला माहीत असतं. काल तुम्ही म्हणालात, शून्यावर ठेवली. ती खाली नेऊनही तो पडेना, तेव्हा आतलं बटण दाबलंत. ते दर तीन महिन्यांनी बघून तुम्ही सही करता."

"मी कशाला माझी काच फोडू?" तात्या ओरडला. "माझी काच ती!"

"तुम्ही नाही फोडलीत नवव्या दिवशी," आक्का म्हणाली. आवाज मऊ होता. "ती सहाव्या दिवशीच फुटली होती. दुपारी एकला. दाराकडच्या कडेवरून, वारा लागून. गेलेली धग भरून काढायला भट्टीने एकशे नव्वद अँपिअर खाल्ले आणि पोरीने ते वहीत लिहून ठेवले."

तात्याने भिंतीला हात टेकवला.

"ओतताना बुडबुडा राहिला असं वाटलं," तो म्हणाला. "पाच दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हटलं एकदाच बघू. बोटभर फट, आणि आत तड् असं वाजलं. दहा मोजेपर्यंतच उघडलं होतं."

"मोजलंत कसं?" आजोबांनी विचारलं.

तात्याने मान खाली घातली. "सावकाश."

"आणि बुडबुडा?"

"नव्हता."

८

साहेबांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, खाली तात्याची सही घेतली आणि परवाना उचलून भाचीच्या हातात दिला. "तुम्ही कोणाबरोबर आलात?" असं त्यांनी विचारलं नाही. नुसतंच, "वही लिहीत जा अशीच," म्हणाले.

तात्या दारात आडवा आला. "पोरी, चार आरसे मी धड काढले. पाचव्याला लोक काय म्हणतील याचीच भीती वाटली गं. दहा मोजेपर्यंतचीच चूक होती."

"तात्या, ती चूक तुमची दहा आकड्यांची," भाची म्हणाली. "तिच्यावर झाकण घालायला तुम्ही माझी सात वर्षं घेत होतात." आक्काने तिकडे बघायचं टाळलं आणि मला यंत्र उचलायची खूण केली.

मालकीणबाईंनी त्याच दिवशी ठरवलं. काच पुन्हा ओतायची. तात्या भट्टीवर राहील, पण प्रमुख म्हणून नाही. भट्टीच्या दाराला कुलूप, किल्ली आजोबांकडे. आजोबांनी ती गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "आता मोजा किती मोजायचं ते."

पाच आठवड्यांनी नवी काच ओतली. ती निवायला लागली त्या सकाळी सीलचं झाकण आलं आणि भाचीने पत्रा उघडला. नव्या काचेआधी ब्रेकर पुन्हा तपासायला नेलेलं यंत्र मी परत आणायला गेलो होतो. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर बरं झालं असतं, पण आक्काला भाऊ एकच.

भाचीने झाकण बसवलं, पत्रा लावला, तीन स्क्रू घट्ट केले. तिन्ही खाचा उभ्या आल्या. चौथा, खालचा उजवा, घट्ट झाला तेव्हा खाच जराशी तिरकी राहिली. तिने आणखी पुढे रेटून पाहिला. जागा संपली होती. स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून ती क्षणभर थांबली. पाव वळसा मागे घेतला असता तर छान उभा राहिला असता.

तिने नख लावून पाहिलं. तो हलला नाही. तिने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि वहीत सही केली.

संध्याकाळी सहाला मॅनेजर फोटो काढायला आला. पॅनेलसमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला.

"बाई, हा एक तिरका आहे."

"हो," भाची म्हणाली. "काढा फोटो."